त्रिकोणावरचं बोट

फळ्यावर एक त्रिकोण काढायचा. वरच्या कोनात व्ही म्हणजे दाब, खाली डावीकडे आय म्हणजे धारा, उजवीकडे आर म्हणजे रोध. मग पोरांना सांगायचं, "जे काढायचंय त्यावर बोट ठेवा. उघडं राहील ते सूत्र." आर झाकला की व्ही भागिले आय उरतं. व्ही झाकला की आय गुणिले आर. शेजारी तसाच शक्तीचा त्रिकोण, वर पी, खाली व्ही आणि आय. 1987 ते 2018 अशी 31 वर्षं सोलापुरातल्या एका मराठी शाळेत मी हे दहावीला शिकवलं. या प्रकरणावर आमच्या पोरांचे गुण क्वचितच जायचे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अडलेला मुलगा घरी यायचा आणि पाच मिनिटांत बोट ठेवायला शिकून जायचा. मला त्याचा अभिमान होता.

निवृत्तीनंतर मी त्या त्रिकोणाबाबत मत बदललं. सूत्र चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. दाब भागिले धारा हे गणित कुठेही करता येतं आणि उत्तरही कुठेही येतं, माझी फसगत झाली ती तिथेच. उत्तर आलं म्हणजे वीज समजली, असं मी 31 वर्षं धरून चाललो. रोध म्हणजे वस्तूची जन्मखूण, तारेला तो एकदा मिळाला की मिळाला, ही माझी समजूत होती आणि तीच मी पोरांना दिली. ओहमचा नियम सांगताना सुरुवातीला एक अट असते, वाहकाची अवस्था, म्हणजे तापमान वगैरे, बदलता कामा नये. ती अट पोरांकडून घोकून घ्यायची, कारण व्याख्येला गुण असत. उदाहरणं सोडवताना तिची आठवण कुणालाच नसे, मला तर नव्हतीच.

पहिला इशारा फार लवकर मिळाला होता. नोकरीची सुरुवातीची वर्षं. मी फळ्यावर 100 वॉटच्या दिव्याचा रोध काढून दाखवला होता. दाब 230 व्होल्ट, त्याचा वर्ग 52,900, भागिले 100, उत्तर 529 ओहम. दुसऱ्या दिवशी एक मुलगा उठून उभा राहिला. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथला काट्याचा मीटर लावून त्याने घरचा दिवा मोजला होता. म्हणाला, "सर, काटा 40 च्या जवळ थांबतो."

"मीटरचा सेल उतरला असेल," मी म्हणालो. वर्ग हसला. मुलगा खाली बसला.

सेल उतरला नव्हता. दिव्यातली टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध 40 ओहमच्या आसपासच असतो. दिवा पेटला की तार अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि रोध तेरापट होतो. माझे 529 पेटलेल्या दिव्याचे होते, त्याचे 40 विझलेल्या दिव्याचे. दोघंही बरोबर होतो, फक्त त्याने मोजलं होतं आणि मी नुसतं भागलं होतं. बटण दाबतो त्या क्षणी गार तारेतून पावणेसहा अँपिअर धावतात, नंतर ते अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतात. जुने दिवे बहुतेक वेळा बटण दाबतानाच का उडायचे, याचं उत्तर त्या मुलाच्या 40 मध्ये होतं. बी. एस्सी.ला हे सगळं मी शिकलो होतो, वर्गात मात्र ते डोक्यात आलं नाही. मीटरचा सेल तेवढा आला.

दुसरा इशारा 2014 सालचा. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर ते सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला समकालिक झालं. काश्मीर ते कन्याकुमारी एकच वारंवारता, आणि तो सांधा सोलापुरात. अभिमानाने मी ते वर्गात सांगितलं. दाब वाढवला की तीच शक्ती कमी धारेत जाते आणि तारेतली उष्णता कमी होते, हेही सांगितलं. त्यावर एका मुलीने विचारलं, "सर, शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध, असं तुम्हीच शिकवलंय. मग दाब वाढवला तर हानी वाढायला पाहिजे ना?"

अत्यंत चोख प्रश्न. मी म्हणालो, "ते सूत्र इथे वापरायचं नाही. धारेचा वर्ग गुणिले रोध, तेच लिही." तिने लिहून घेतलं. का वापरायचं नाही, हे मी सांगितलं नाही, कारण मला ते नीट सांगता आलं नसतं. सूत्रातला दाब म्हणजे त्याच तारेच्या दोन टोकांमधला फरक, रायचूरचं टोक आणि सोलापूरचं टोक यांच्यामधला. 765 किलोव्होल्ट हा एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंतचा दाब. दोन्ही ठिकाणी अक्षर एकच, वस्तू वेगवेगळ्या. 1,000 मेगावॉट न्यायचे तर 765 किलोव्होल्टला प्रत्येक तारेत सुमारे 755 अँपिअर लागतात आणि 400 किलोव्होल्टला सुमारे 1,443. तारा त्याच ठेवल्या तर हानी जवळजवळ 3.7 पट. बोट ठेवायला शिकवलेल्या मुलांनी कुठल्या दाबावर बोट ठेवायचं, हे मी त्यांना कधीच शिकवलं नव्हतं.

हे दोन्ही इशारे मी पचवले. तिसरा पचला नाही, कारण त्यात घरचे पैसे जात होते.

माझ्या धाकट्या भावाचे शहराच्या पूर्व भागात 8 यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. प्रत्येक मागाला 1 अश्वशक्तीची थ्री फेज मोटार. मी निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात त्याच्या 3 मोटारी जळाल्या. मोटार जळली की माग थांबतो, कामगार बसून राहतो, आणि वाइंडिंगला टाकलेली मोटार परत येईपर्यंत बीम तसाच लटकलेला. भावाने मला बोलावलं. घरात विजेचं शिकलेला मीच.

मी गेलो, मोटारीवरची पाटी वाचली. 415 व्होल्ट, 1.8 अँपिअर, 1 अश्वशक्ती. कागद घेतला आणि शक्तीच्या त्रिकोणावर बोट ठेवलं. 415 गुणिले 1.8 बरोबर 747. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॉट. एका वॉटचा फरक! भावाला म्हटलं, बघ, हिशोब कसा चोख बसतो. तो कागद त्याने शेडच्या भिंतीला चिकटवून टाकला.

पुढे त्या कागदाची मला सर्वांत जास्त लाज वाटली. थ्री फेजमध्ये दाब आणि धारा यांच्या गुणाकाराला आणखी 1.73 ने गुणावं लागतं, मी ते विसरलो होतो. मोटारीतली धारा दाबाच्या थोडी मागे चालते, त्यामुळे गुणाकारातला काही भागच खरी शक्ती असतो. त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात आणि अशा लहान मोटारीत तो 0.78 च्या आसपास असतो. तोही मी सोडला. शिवाय 746 वॉट ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती, तारेतून आत जाणारी नव्हे. कार्यक्षमता सुमारे 74 टक्के. आता 1.73 गुणिले 0.78 गुणिले 0.74 करून पाहा. उत्तर जवळपास 1 येतं. तिन्ही चुकांनी एकमेकींना झाकून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं. प्रत्यक्षात मोटार सुमारे 1,000 वॉट घेत होती. चुकीचं उत्तर आलं असतं तर मी त्याच दिवशी थबकलो असतो.

मोटारी का जळतात, यावर मी त्याच बैठकीत निकालही देऊन टाकला. दुपारी दाब उतरायचा. शेड डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटच्या टोकाला, त्यात मे महिन्यात 43-44 अंशांत सगळ्या गल्लीचे कूलर चालू. भावाला वाटत होतं, कमी दाबानेच मोटारी जळतात. मी म्हणालो, शक्यच नाही. दाब कमी तर धारा कमी, धारा कमी तर उष्णता कमी, तीही वर्गाच्या प्रमाणात. माझ्या घरच्या गिझरने याला साक्ष दिली होती. 2,000 वॉटचा गिझर, रोध साडेसव्वीस ओहम. दाब 180 वर आला की तो सव्वाबाराशे वॉटच घेतो आणि बादली तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. गिझरची नायक्रोमची तार अशी गुणी की तापली तरी तिचा रोध जवळजवळ बदलत नाही. त्रिकोण तिथे तंतोतंत चालतो. तेवढ्या एका गुणी तारेवरून मी सगळ्या गावाचा निकाल लावला आणि दोष ठेवला वाइंडिंगवाल्यावर. हलकी तार वापरत असणार, वार्निश नीट भाजत नसणार.

भाऊ मला त्या वाइंडिंगवाल्याच्या, अण्णांच्या, दुकानी घेऊन गेला. अण्णा चाळीस वर्षं मोटारी भरतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी. माझं ऐकून घेऊन त्यांनी जळालेली मोटार उघडी केली आणि कॉइलवर बोट फिरवलं.

"हे बघा की ओ सर. फेज उडाला असता तर दोन फेज काळे आन् एक स्वच्छ राहिला असता. इथं तिन्ही सारखेच काळे. होल्टेज उतरलं की अँपिअर चढतंय."

"अण्णा, हे ओहमच्या नियमाविरुद्ध आहे."

"मग शेडवर चला की. टाँग टेस्टर आहे माझ्याकडं."

दुपारी अडीचला आम्ही मागाजवळ उभे होतो. खटखटाटात बोलणं अशक्य. अण्णांनी तारेभोवती चिमटा अडकवला आणि आकडा मला दाखवला. दाब 345 व्होल्ट, धारा 2.2 अँपिअर. संध्याकाळी दाब परत 415 ला आला तेव्हा त्याच मागावर, त्याच मोटारीवर 1.8. मी चिमटा काढून पुन्हा लावला, तारा बदलून पाहिल्या. आकडे हलले नाहीत. मीटरचा सेल उतरलाय, असं म्हणायला या वेळी तोंड नव्हतं.

त्या रात्री मी मल्टिमीटर घेऊन दुसरा उद्योग केला. बंद, गार मोटारीच्या दोन टोकांमधला रोध मोजला, 24 ओहम. 415 भागिले 24 म्हणजे 17 अँपिअर. चालत्या मोटारीत असतात 1.8. म्हणजे नुसत्या तांब्याच्या रोधाचा जवळपास संबंधच नाही! मग धारा कोण अडवतं?

ते समजायला मला आठवडा लागला, जुनी पुस्तकं काढावी लागली. मोटारीच्या आत फिरणारं चुंबकीय क्षेत्र त्याच गुंडाळ्यांमध्ये उलटा दाब निर्माण करतं आणि बाहेरून आलेल्या दाबाला ते तोलून धरतं. धारा किती घ्यायची, हे मोटारीच्या तांब्याने ठरत नाही, समोरचा माग ठरवतो. धोट्याला फटका मारायला, फणी ठोकायला जेवढी शक्ती लागते तेवढी लागतेच, व्होल्टमीटर काहीही दाखवो. दाब कमी झाला की मोटार किंचित मंदावते, तेच काम निभवायला जास्त धारा ओढते. गिझर मिळेल तेवढं खाऊन गप्प बसणारा. मोटारीला मात्र पोटाला चिमटा काढता येत नाही, काम पुढ्यात असतं. तांब्यातली उष्णता धारेच्या वर्गाने वाढते. 2.2 आणि 1.8 यांच्या वर्गांचं गुणोत्तर जवळपास दीड येतं. दुपारी त्या कॉइल दीडपट तापत होत्या, त्याही बाहेर 43 अंश असताना.

आणि ओहमचा नियम गल्लीतल्या तारेला मात्र पुरेपूर लागू होता. धारा वाढली की लांबच्या तारेत जास्त दाब खर्च होतो. मग शेडमधला दाब आणखी उतरतो आणि मोटारी आणखी धारा ओढतात. हल्ली घरंही याच वळणावर गेली आहेत. जुना दिवा दाब उतरला की मलूल व्हायचा आणि आपोआप कमी वीज घ्यायचा. आताचे बरेचसे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर एसी ठरलेले वॉट घेतातच, दाब उतरला तर धारा वाढवून घेतात. मी शिकवायला लागलो तेव्हाचं गिझर-दिव्यांचं सोलापूर माझ्या त्रिकोणाला बरंच सोयीचं होतं.

या सगळ्यात मी ओहमबद्दलही नव्याने वाचलं. 31 वर्षं त्याचं नाव घेतलं, पण तो माणूस शाळामास्तर होता हे मला ठाऊक नव्हतं. जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवता शिकवता त्याने प्रयोग केले. त्या काळच्या विद्युतघटांचा दाब स्थिर राहत नसे, म्हणून त्याने घट बाजूला ठेवले आणि दोन धातूंचा सांधा वापरला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. ती दोन तापमानं ढळत नाहीत, म्हणून दाबही ढळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी म्हणून एवढा आटापिटा! 1827 साली पुस्तक आलं. मायदेशात फारसं कौतुक झालं नाही, लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं तेव्हा 1841 उजाडलं होतं. बाकी सगळं स्थिर ठेवण्यासाठी त्या मास्तरने जिवाचं रान केलं आणि ते स्थिर ठेवण्याची अट या मास्तरने नुसती घोकून घेतली.

अण्णा सगळं बरोबर आणि मी सगळं चूक, अशी ही गोष्ट नाही. मोटार किती तापली हे अण्णा तळहाताने बघायचे, "हात टिकला पाहिजे" हे त्यांचं माप. पण हात बाहेरच्या लोखंडाला लागतो, जळतं आतलं तांबं. गुंडाळी तपासायला त्यांच्याकडे टेस्ट लॅम्प होता, दिवा लागला की कॉइल धड. किती ओहम, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात एव्हाना त्या मुलाचा 40 ओहमचा दिवा घोळत होता. रोध तापमानाने बदलतो ही जर त्रिकोणाची अडचण असेल, तर तीच गोष्ट उलटी फिरवून रोधावरून तापमान काढता येईल. मोठ्या मोटारींच्या चाचणीत हीच पद्धत वापरतात. मल्टिमीटर आत दुसरं काय करतो? बारीकशी धारा सोडतो, दाब मोजतो, भागाकार करतो.

सकाळी पाळी सुरू होण्याआधी शेडमध्ये 30 अंश होते, रोध 24. दुपारी तीनला माग थांबवून, मेन स्विच पाडून, मोटारीच्या तारा सुट्या करून मिनिटाभरात पुन्हा मोजला, 31. तांब्याचा एक ठरलेला आकडा आहे, 234.5. तो 30 मध्ये मिळवायचा, 264.5 झाले. त्याला 31 भागिले 24 ने गुणायचं, साधारण 341.6. त्यातून 234.5 वजा केले की 107. आतलं तांबं सरासरी 107 अंशांवर होतं, आणि अण्णांचा तळहात बाहेर टिकत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दाब 415 असताना, तोच रोध साडेअठ्ठावीस भरला, म्हणजे 80 अंश. वाइंडिंगच्या इन्सुलेशनबद्दल एक ढोबळ नियम आहे, दर 10 अंशांमागे आयुष्य निम्मं. 27 अंशांनी ते सहा-सात पटींनी घटतं. अण्णांनी माझा हिशोब दोनदा करून घेतला, मग स्वतः एकदा केला.

ज्यांच्याकडे माग आहेत त्यांना एवढंच सांगायचं आहे. पहाटे मोटार गार असताना, स्विच पाडून आणि मोटारीच्या तारा सोडवून, तिचा रोध एकदा मोजा आणि शेडमधलं तापमान शेजारी लिहून ठेवा. उन्हाळ्यात दुपारी तशाच रीतीने पुन्हा मोजा. 24 चे 31 झाले असतील आणि दाब साडेतीनशेच्या खाली असेल, तर निम्मे माग तासभर थांबवणं नव्या वाइंडिंगपेक्षा स्वस्त पडतं. भाऊ हेच करतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याची एक मोटार जळाली, तीही फेज उडाल्यामुळे. दोन कॉइल काळ्या, एक स्वच्छ.

माझा 747 चा कागद भिंतीवरून निघाला आहे. त्या जागी आता 8 मोटारींचे गार असतानाचे ओहम खडूने लिहिलेले आहेत. अक्षर अण्णांचं आहे.